'मी लिहून देतो' म्हणणाऱ्यांनो, शेजारी बसा!



"दे इकडं, मी लिहून देतो."

हे वाक्य आपण जन्मल्यापासनं ऐकत आलोय. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला अर्जनवीस ते म्हणतो. पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणतो. कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क वैतागून म्हणतो. आणि गळ्यात निळा रुमाल घातलेला आपला कार्यकर्ता भाऊही तेच म्हणतो, फक्त जरा मायेनं म्हणतो. पहिल्या तिघांचं मला नवल वाटत नाही. त्यांचं पोट आणि त्यांची खुर्ची त्या वाक्यावर चालते. माझं भांडण चौथ्याशी आहे. तो आपला आहे म्हणूनच भांडण आहे. परक्याशी भांडण करायला वेळ कुणाला हाय?

सातारा-सांगलीच्या कॉलेजांत आज आपली पोरं-पोरी आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव, सगळ्या दुष्काळी पट्ट्यातली आहेत. कुणाचे आईबाप ऊसतोडीला, कुणाचा बाप गवंड्याच्या हाताखाली, कुणाची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. घरातलं पहिलंच माणूस कॉलेजात. चळवळीनं त्यांना दारापर्यंत आणलं, हे खरं आहे. दाखला काढून दिला, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, वसतिगृहात खाट मिळवली. फोटो काढले. पुढं काय? पुढं त्या पोरीसमोर कोरा कागद आहे आणि ती एकटी आहे. त्या कागदापाशी आपल्यातला एकही कार्यकर्ता जाऊन बसत नाही. बसलाच तर कागद आपल्याकडं ओढतो.

एक गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतली एक पोरगी बी. ए.ला आहे. तिला प्रकल्प मिळाला, 'माझ्या गावातील पाणीप्रश्न'. या विषयावर तिच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? टँकर आधी चावडीपाशी थांबतो, मग देवळापाशी, मग मळ्याच्या वाटेला, आणि शेवटी आमच्याकडं येतो, हे ती लहानपणापासनं घागर घेऊन बघत आली. तिनं लिहिलं, 'टँकर आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतो आणि तळातलं गढूळ पानी आमाला मिळतं.' प्राध्यापकांनी काय करावं? 'पानी'ला लाल गोल. 'आमाला'ला लाल गोल. कडेला शेरा, 'भाषा सुधारा.' टँकर शेवटी का येतो यावर एक अक्षर नाही. पोरगी शहाणी. दुसऱ्या खेपेला तिनं गाइडातलं उतरवलं. पाणी म्हणजे जीवन, पृथ्वीवर किती भाग पाणी आणि किती भाग जमीन, पाण्याचे मानवी जीवनातील महत्त्व. दहापैकी आठ गुण!

बघा काय शिकवलं त्या आठ गुणांनी. 'तू खरं लिहिलंस तर चुकशील, उसनं लिहिलंस तर पास होशील.' हे शिक्षण नाही, हे नव्या पद्धतीचं गाडगं आहे. पूर्वी थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात बांधायचे. आता आपला शब्द कागदावर पडू नये म्हणून बांधतात.

कॉलेजवाले म्हणतील, आम्ही तर जादा वर्ग घेतले. घेतले की! यूजीसीच्या योजनेतनं अनुसूचित जाती-जमातींच्या पोरांसाठी 'रेमेडियल' वर्ग निघाले. रेमेडी म्हणजे औषध. औषध कुणाला देतात? आजाऱ्याला. म्हणजे आजारी आम्ही! नोटीस बोर्डावर यादी लागते, ती वाचून अख्ख्या वर्गाला आमची जात कळते, आणि त्या वर्गातही पुन्हा एकजण फळ्यापाशी बोलणार आणि चाळीसजण उतरवणार. ज्याला लिहायला येत नाही त्याला पुन्हा उतरवायलाच लावायचं, असं हे औषध. आजारी कोण आहे ते ठरवायचं असेल तर त्या 'भाषा सुधारा' लिहिणाऱ्या हाताची नाडी बघा.

आता आपल्या कार्यकर्त्याकडं वळतो. तो त्या पोरीला काय म्हणतो? "अगं, आण इकडं. मी झ्याक लिहून देतो." आणि देतो खरंच. 'व्यवस्था', 'शोषण', 'प्रस्थापित' हे शब्द घालून चार पानं एका तासात. पोरगी ती चार पानं नेऊन देते. तिच्या घागरीतलं गढूळ पाणी त्या चार पानांत कुठंच नसतं. प्राध्यापकानं तिचा शब्द लाल शाईनं मारला, भावानं निळ्या शाईनं मारला. मेला तो मेलाच.

मधला माणूस हे आपलं जुनं दुखणं आहे. ते या सातारच्याच मातीत लिहून ठेवलेलं आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर नावाचं पोरगं दाखल झालं. आज ती प्रतापसिंह हायस्कूल आहे, आणि २०१७ पासनं सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. आपण तिथं हार घालतो. पण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त स्वतः काय सांगितलं ते किती जणांनी वाचलं? बसायला वेगळं गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही, हे आपल्याला पाठ आहे. १९०१ साली ते, त्यांचा भाऊ आणि भाचे वडलांकडं खटाव तालुक्यात निघाले, मसूर स्टेशनवर उतरले, जात कळताच गाडीवाला मिळेना, दुप्पट भाडं देऊन गाडी स्वतः हाकली, रात्रभर तहानलेले राहिले. हेही पाठ आहे. पण हे झालं कशानं? पोरांनी आधी पत्र पाठवलं होतं, आम्ही येतोय म्हणून. ते पत्र वडलांच्या नोकराच्या हाती पडलं आणि त्यानं ते वडलांना दिलंच नाही. पत्र लिहिलेलं होतं, बाप वाट बघायला तयार होता, फक्त मधल्या माणसाच्या हातात शब्द अडकला. गाडीवाल्याची जात दिसते. मधला हात दिसत नाही. म्हणून मी त्याच्यावर बोट ठेवतोय.

आज तो हात कुठं कुठं आहे? पोलीस ठाण्यात आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९चा, त्याचे नियम १९९५चे. नियम पाच सांगतो की तोंडी फिर्याद ठाणे अंमलदारानं लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, मग त्याची सही घ्यायची, आणि एक प्रत त्याला फुकट द्यायची. २०१५च्या दुरुस्तीनं वाचून दाखवणं हे सरकारी नोकराचं कर्तव्य म्हणून कायद्याच्या कलम चारमध्येच घातलं. का घालावं लागलं? सांगणारा एक सांगतो आणि कागदावर दुसरंच उतरतं म्हणून! जातीवरनं शिवी दिली असं आई सांगते, आणि कागदावर 'किरकोळ बाचाबाची' येतं. मग कोर्टात सगळं त्या एका ओळीवर फिरतं. वाचून दाखवलं तरी ज्याला लिहिण्याचा सराव नाही त्याला कळत नाही की कुठला शब्द गळाला. जी पोरगी कॉलेजात स्वतःचं वाक्य स्वतः उभं करायला शिकेल, तीच उद्या आईच्या शेजारी ठाण्यात बसून म्हणेल, "साहेब, आई असं म्हणाली नाही. खोडा ते. परत लिहा." जिला आपण लिहून दिलं ती काय म्हणणार? ती आईला म्हणेल, सही कर आणि चल.

म्हणजे हा बी. ए.च्या गुणांचा प्रश्न नाही, मित्रांनो.

आपल्या आधीच्यांनी हे कसं केलं? जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. सावित्रीमाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. दोघांची मुळं सातारा जिल्ह्यातली. त्यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंगांची पोरगी शिकली आणि १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात गाइडाचं काही नाही. वेद जर ब्राह्मणांचेच तर आमचा धर्म कुठला, असं ती विचारते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, असं ती सांगते. हा मजकूर कुठल्या पंतोजीनं सांगितलेला नव्हे. छपराखाली बाळंत झालेल्या घरातल्या माणसाला हे सुचतच नाही. त्या शाळेची खरी करामत अक्षरं शिकवण्यात नव्हती. अक्षरं मिशनरीही शिकवत होते. पोरीनं जे पाहिलं तेच कागदावर येऊ दिलं, ही करामत. आणि याच जोतीरावांनी १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं नाकारलं. जे आमचं दुःख सोसत नाहीत त्यांच्या ग्रंथांचा आणि आमचा मेळ बसायचा नाही, हे त्यांनी कळवून टाकलं.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा अण्णाभाऊ साठे. जन्म १९२०चा. शाळेत टिकू दिलं नाही. मुंबईत गिरणीत राबला, दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरं वाचत अक्षर ओळखीचं केलं, सोबतच्या कामगारांत बसून वाचायला लागला. त्याला कुणी 'दे इकडं, मी लिहून देतो' म्हणालं असतं तर काय झालं असतं? चार पोवाडे दुसऱ्याच्या नावावर निघाले असते. 'फकिरा' निघाली नसती. १९५९ची ती कादंबरी त्यानं बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लक्षात घ्या, पुतळ्याला नाही, लेखणीला. आणि आटपाडीचे शंकरराव खरात! तराळकी करणाऱ्या घरातला पोरगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ला जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. सांगली जिल्ह्यानं ही दोन माणसं दिली. आपण त्यांच्या जयंतीला डीजे लावतो आणि त्यांच्याच गावची पोरं गाइड उतरवतात.

आता कुणी म्हणेल, ही मोठी माणसं, त्यांची गोष्ट वेगळी. साध्या पोरांना शिकवायला प्राध्यापकच लागतो.

हे खोटं आहे. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. तिथं नवं पोरगं येतं तेव्हा त्याला तुटलेला धागा जोडायला कोण शिकवतं? मॅनेजर? त्याला स्वतःला येत नाही. मुकादम? तो फक्त ओरडतो. शेजारच्या साइडवरचा गडी शिकवतो, जो स्वतः वर्षापूर्वी आलेला असतो. त्याला आठवत असतं की पहिल्या आठवड्यात बोटं कुठं अडकतात. तो एकदा करून दाखवतो, दुसऱ्यांदा पोराचा हात धरतो, आणि तिसऱ्यांदा आपला हात मागं घेतो. मागं घेतला नाही तर पोरगं कधीच शिकत नाही आणि त्याची साइड याच्याच बोकांडी बसते. लिहिण्याचंही असंच आहे. जो एक पायरी पुढं आहे तोच मागच्याला नीट हात देऊ शकतो. जो दहा पायऱ्या पुढं आहे त्याला आपण कसे चढलो तेच आठवत नाही. तो वरनं नुसतं 'चुकलं, चुकलं' म्हणतो.

ही काय माझ्या डोक्यातली टूम नाही. १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. नाव आणलं, डरकाळी आणली. पण तिकडच्या काळ्या पोरांनी कॉलेजात काय केलं ते आणायचं राहून गेलं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९६९च्या एप्रिलमध्ये काळ्या आणि प्वेर्तो रिकोच्या विद्यार्थ्यांनी आवारच ताब्यात घेतलं. मागणी अशी की आमच्या वस्त्यांतल्या पोरांना प्रवेश द्या. १९७०पासनं शहरात हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला त्या विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळायला लागली. हजारो पोरं आली. आणि तिथंही हेच झालं. प्रोफेसर म्हणायला लागले, यांना लिहिता येत नाही, यांचं इंग्रजी बाटलेलं आहे.

तेव्हा दोघांनी वेगळं काम केलं. मिना शॉनेसी नावाच्या बाईनं अशा पोरांचे सुमारे ४,००० निबंध घेतले आणि एकेक चूक तपासली. १९७७ साली पुस्तक काढून तिनं सांगितलं की ही पोरं मूर्ख नाहीत, त्यांच्या चुकांनाही एक रीत आहे, ती रीत आधी समजून घ्या मग शिकवा. आणि ब्रुकलिन कॉलेजातल्या केनेथ ब्रफीला कळलं की ही पोरं मदत हवी असूनही प्राध्यापकांच्या मदत-वर्गाला जात नाहीत. कारण तो वर्ग म्हणजे पुन्हा वर्गच. मग विद्यार्थ्यांनाच तयार करून विद्यार्थ्यांच्या शेजारी बसवलं, आणि पोरं यायला लागली. १९७४ साली तिथल्या लेखन शिकवणाऱ्या अध्यापकांच्या परिषदेनं ठरावच केला की विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेचा हक्क आहे. पुढं १९७६ला शहर कंगाल झालं म्हणून विद्यापीठानं फी लावली. १८४७पासनं फुकट असलेलं शिक्षण आमचे लोक आल्यावर सहाच वर्षांत महाग झालं. तो डाव आपल्याला नवा नाही. पण शेजारी बसायची ती रीत मात्र टिकली आणि जगभर गेली.

आणि अमेरिकेलाच कशाला जायचं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी आधी सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात पोरांचा आश्रम काढला. १९१९ला काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्याला १९२७ साली गांधींच्या हस्ते शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली. भाकरी आपणच थापायची, पंगत एकच. १९४७ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथं पोरं राबून शिकली. 'कमवा आणि शिका' हे नाव त्या घामातनं आलं. मी म्हणतो, भाकरी एकत्र थापता आली तर वाक्य एकत्र का थापता येणार नाही? आज 'कमवा आणि शिका'च्या तासांत आपली पोरं काय करतात? बाग झाडतात, पुस्तकांवरची धूळ झटकतात, ऑफिसात कागद लावतात. श्रमाला मी कमी लेखत नाही, मी स्वतः श्रमावर जगतो. पण तिसऱ्या वर्षाच्या पोरीनं पहिल्या वर्षाच्या पोरीशेजारी दोन तास बसून तिला लिहितं केलं, तर ते श्रम नाहीत काय? त्याची मजुरी का नाही? झाडूला पैसे आणि लेखणीला शाबासकी, हा हिशेब कुणी ठरवला?

आता आपल्यातल्याच काहींच्या हरकती घेतो.

एक म्हणतो, "शुद्धलेखन हेच ब्राह्मणी कारस्थान आहे. आपली पोरं ते शिकणार नाहीत." छान! टाळ्या पडतात. पण हे म्हणणाऱ्याचा स्वतःचा अर्ज बघा, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नसतो. स्वतः शिकला आणि दुसऱ्याला 'नको शिकू' म्हणतो, म्हणजे हा नवा पंतोजीच. अरे, ते नियम काय आकाशातनं पडलेत? साहित्य महामंडळानं केलेले चौदा नियम सरकारनं १९६२ला मान्य केले, १९७२ला आणखी चार जोडले. एकूण अठरा. माणसांनी केले, माणसांनीच बदलले. रिंगफ्रेमवरच्या गड्याला याहून जास्त गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. अठरा नियम हे हत्यार आहे, सोवळं नाही. ते शिकायचं, आणि कुठं मोडायचं ते आपण ठरवायचं. कवितेत 'पानी' लिहीन, माझी मर्जी. कोर्टातल्या अर्जात 'पाणी' लिहीन, तीही माझी मर्जी. ज्याला एकच येतं त्याला मर्जी नसते.

दुसरा म्हणतो, "मदत घेणं म्हणजे भीक." मदत आणि भीक यातला फरक सोपा आहे. भीक घेतल्यावर तुम्ही उद्या पुन्हा त्याच दारात जाता. मदत घेतल्यावर उद्या दुसरं कुणीतरी तुमच्या दारात येतं.

तिसरा म्हणतो, "आता कशाला हे? फोनला सांगितलं की एआय सगळं लिहून देतो." देतो ना! तो नव्या जमान्याचा अर्जनवीस आहे, पैसेही कमी घेतो. पण टँकर शेवटी कुठं येतो हे त्याला कोण सांगणार? तो पुन्हा 'पाणी म्हणजे जीवन'च लिहील, फक्त जास्त गोड. शब्दाचा अर्थ बघायला, नियम शोधायला वापरा फोन. पण आपलं तोंड त्याला भाड्यानं देऊ नका.

चौथा म्हणतो, "चळवळीला एवढा वेळ नाही." मोर्चाला वेळ आहे, बॅनरवर फोटो कुणाचा मोठा यावर भांडायला चार रात्री आहेत. बाबासाहेबांनी १९२०ला 'मूकनायक' काढलं, १९२७ला 'बहिष्कृत भारत' काढलं, रकानेच्या रकाने स्वतःच्या हातानं भरले. ते काय रिकामे होते? खरं कारण वेळ नाही. खरं कारण असं की दहा जणांना लिहायला आलं तर पत्रक मीच लिहिणार, निवेदन मीच वाचणार, ही आपली मक्तेदारी जाते. भटाची मक्तेदारी आपल्याला खुपते, स्वतःची खुपत नाही.

मग बसायचं कसं? त्या टँकरवाल्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगतो, त्यातच सगळं आलं. वसतिगृहात तिच्यापेक्षा दोन वर्षं पुढं असलेली एक पोरगी होती. तिनं गाइडातली पानं वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, "हे राहू दे. तू मला सांग, काय म्हनायचंय तुला?" ही म्हणाली, टँकर शेवटी येतो. "शेवटी म्हंजे किती वाजता? चावडीपाशी किती वाजता? मधी किती घरं? रोज का आठवड्यातनं?" ही सांगत गेली. "हेच लिही. जसं सांगितलंस तसं." ती लिहीत असताना दुसरी गप्प बसली. पेनाला हात लावला नाही. मग म्हणाली, "आता मोठ्यानं वाच." वाचताना हिलाच कळलं की कुठं वाक्य लटकतंय. तीनदा लिहिलं. 'पानी'चं 'पाणी' सगळ्यात शेवटी केलं, दहा मिनिटांत. आणि 'तळातलं' हा शब्द तिनं बदलू दिला नाही. बरोबर केलं. तीन पानं झाली. त्या तीन पानांवरनं पुढं गटविकास अधिकाऱ्याला अर्ज गेला, तिच्याच हस्ताक्षरात, वस्तीतल्या बायांच्या सह्या घेऊन. टँकरची वेळ काही अजून बदललेली नाही. भांडण चालू आहे. पण या भांडणातला कागद कुणी आपल्याला लिहून दिलेला नाही.

तेव्हा एवढं पाळा. पेन लिहिणाऱ्याच्याच हातात राहील. आधी ऐकायचं, मग विचारायचं, सांगायचं सगळ्यात शेवटी. तिचा शब्द तिला विचारल्याशिवाय खोडायचा नाही. मजकूर उभा राहिल्यावरच शुद्धलेखन. हसायचं नाही. हसला तो उठला. जो आज शिकतो तो पुढच्या वर्षी शेजारी बसतो, हेच त्याचं शुल्क.

आणखी एक, कडू आहे पण सांगतो. शेजारी कुणाच्या बसणार? आपल्यात जे आधी शिकले ते आधी शिकलेल्यांच्याच शेजारी बसतात. मातंगांची पोरगी, होलारांचं पोरगं, कैकाडी, वडार, रामोशी, यांच्याजवळ जाऊन बसा. मुक्ताचा निबंध भाषणात घ्यायचा आणि मुक्ताच्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही, हे चालणार नाही. पोरींना संध्याकाळी सातनंतर विहारात बोलवू नका, त्यांना येता येत नाही. त्यांच्या वेळेला तुम्ही बसा. आणि पोरगी शिकवणार असेल तर तिच्यासमोर पोरांनीही मान खाली घालून लिहायला शिकावं.

कॉलेजांकडं मागणी एवढीच. 'रेमेडियल'ची पाटी उतरवा. 'कमवा आणि शिका'च्या तासांत लेखन-सोबत धरा आणि तिची मजुरी द्या. लायब्ररीतलं एक टेबल रोज दोन तास त्यासाठी मोकळं ठेवा. पोरांच्या वहीवर 'भाषा सुधारा' लिहिण्याआधी मजकुरावर दोन ओळी लिहा. पैसा लागतो तो फार नाही. लाज लागते, ती थोडी जास्त लागेल.

कॉलेज ऐकेल तेव्हा ऐकेल. निवेदनं देऊच. पण त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. वसतिगृहाच्या खोलीत एक सतरंजी, दोन वह्या आणि एक पुढची, एक मागची अशी दोन माणसं, एवढ्यावर काम सुरू होतं. हा अंक ज्याच्या हातात पडेल त्यानं या आठवड्यात एकाच्या शेजारी बसावं. एकाच्याच. आणि त्यानं जे लिहिलं ते त्याच्याच नावानं पुढच्या अंकाला पाठवावं. स्टेन्सिल कापायचं काम आमच्याकडं लागलं.

'मी लिहून देतो' म्हणणाऱ्या भावा, तुझं प्रेम कळतं. पण आता पेन दे तिच्या हातात, आणि जरा सरकून बस.

जयभीम!